पुराची रेघ आणि माळ्यावरचे चामडे

चिपळूणजवळच्या एका वाडीत, वाशिष्ठीच्या पात्रापासून हाकेच्या अंतरावर, चामड्याच्या चपला आणि लहान पिशव्या तयार करणारा एक छोटा कारखाना आहे. चौदा माणसे, सहा शिलाई यंत्रे, कापणीचे एक लांब टेबल आणि वर पत्र्याखाली लाकडी माळा, एवढाच त्याचा पसारा. हे प्रकरण लघुउद्योजकांच्या अभ्यासवर्गासाठी बांधलेले आहे. त्यातला कारखाना, तो चालवणाऱ्या ताई, तिथले सर्वांत जुने कारागीर तात्या आणि जर्मनीतला ग्राहक ही मंडळी प्रातिनिधिक आहेत, रसायने, कायदे, न्यायालयाचे निकाल आणि तारखा मात्र खऱ्या आहेत. पुरवठा साखळीतल्या जोखमीची चर्चा बहुधा मोठ्या ब्रँडच्या खुर्चीत बसून केली जाते. इथे ती साखळीच्या शेवटून दुसऱ्या कडीवर उभे राहून केली आहे, कारण प्रश्नावली वरून खाली येते आणि नुकसानही त्याच वाटेने येते.

प्रकरणाची सुरुवात एका नाकारलेल्या मालापासून होते. मे महिन्यात विमानाने पाठवलेल्या सहाशे जोड चपलांपैकी काही जोड ग्राहकाने तिकडच्या प्रयोगशाळेत तपासले आणि तळपायाला लागणाऱ्या आतल्या चामड्यात क्रोमियम-६ या क्रोमियमच्या घातक रूपाचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे जूनमध्ये कळवले. युरोपीय संघाने २०१४ साली केलेल्या आणि १ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार त्वचेशी संपर्क येणाऱ्या चामड्यात हे प्रमाण कोरड्या वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असता कामा नये. ताईंच्या फायलीत मात्र ज्या कारखान्यात ते चामडे कमावले गेले होते त्याचे प्रमाणपत्र व्यवस्थित लावलेले होते आणि त्यावर हा घटक आढळला नसल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. पहिला अंदाज अर्थातच फसवणुकीचा निघाला. धारावीतल्या व्यापाऱ्याने भलत्याच लॉटचे चामडे दिले असेल, नाहीतर प्रमाणपत्रच खोटे असेल, असे सगळ्यांनी गृहीत धरले. पुढच्या सहा आठवड्यांत उलगडले ते वेगळेच होते: दोन्ही अहवाल खरे होते.

कागदावरची साखळी

ग्राहकाची कंपनी मोठी होती. जर्मनीचा पुरवठा साखळीविषयीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून निदान तीन हजार आणि २०२४ पासून निदान एक हजार कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू झाला, आणि अशा कंपन्यांनी आपल्यावरची जबाबदारी प्रश्नावलीच्या रूपाने पुरवठादारांकडे सरकवली. ताईंनी वर्षभरापूर्वीच ती प्रश्नावली भरून दिली होती. चामडे कुठून येते, सांडपाण्याचे काय होते, बालकामगार आहेत का, उपकंत्राटदार आहेत का, जनावर कोणत्या शेतावर वाढले, असे प्रश्न त्यात होते. शेवटच्या प्रश्नामागे युरोपीय संघाचा २०२३ चा जंगलतोडीविषयीचा नियम होता. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरच्या गुरांचे कातडे त्या नियमाने अडवले जाणार आहे. त्याच्या अंमलबजावणीची तारीख एकाहून अधिक वेळा पुढे गेली आहे. शेळीचे कातडे त्या नियमात येतच नाही. तरीही प्रश्नावलीत शेळीच्या शेताचे अक्षांश-रेखांश मागितलेले होते. कोकणातली शेळी सकाळी एका परड्यात आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या कुंपणाची करवंद ओरबाडताना सापडते, तिचे अक्षांश-रेखांश कोणते लिहायचे, हा ताईंचा प्रश्न चेष्टेचा वाटला तरी रास्त होता.

माल नाकारला गेल्यावर साखळी पुन्हा, या वेळी फोन करून आणि बिले काढून, मागे मागे शोधण्यात आली. कारखान्याला चामडे धारावीतला व्यापारी देतो. त्याच्याकडे ते तमिळनाडूतल्या आंबूरच्या कारखान्यातून येते. आणि त्या कारखान्याकडे खारवलेली कच्ची कातडी अनेक राज्यांतून येतात. त्यांत मुंबईमार्गे गेलेली चिपळूण आणि खेडच्या मटणाच्या दुकानांतली बकऱ्यांची कातडीही होती. म्हणजे इथल्या बाजारातले कातडे मीठ लावून दीड हजार किलोमीटर खाली जाते, कमावले जाऊन तितकेच वर येते आणि निघाले होते त्याच तालुक्यात चप्पल होते. या प्रवासात ते निदान तीन ठिकाणी इतर मालात मिसळते, त्यामुळे एका चपलेचे कातडे कुठल्या बकरीचे हे सांगणे अशक्य असते. ‘स्रोत माहीत आहे’ या रकान्यात ताईंनी ‘होय’ अशी खूण केली होती. खरे उत्तर ‘व्यापाऱ्यापर्यंत माहीत आहे’ असे होते.

आंबूर, वाणियंबाडी आणि राणीपेट हा पट्टा जोखमीच्या दृष्टीने देशातला सर्वांत शिकवणारा पट्टा आहे. पालार नदीच्या या खोऱ्यात चर्मोद्योगाच्या सांडपाण्यामुळे सुमारे ३५ हजार हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ च्या वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम प्रकरणातल्या निकालात केली आहे. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ आणि ‘पुराव्याची वाट न पाहता आधी खबरदारी घ्यावी’ ही दोन तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग आहेत असे याच निकालाने सांगितले. त्यानंतर तिथे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आली आणि पुढे सांडपाणी बाहेर सोडूच नये अशी सक्ती झाली. तरीही ३१ जानेवारी २०१५ रोजी राणीपेटच्या अशाच एका केंद्रात गाळाच्या टाकीची भिंत फुटून झोपलेले १० कामगार गाळाखाली मेले. नदी वाचवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेनेच माणसे घेतली, ही गोष्ट प्रश्नावलीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

या उद्योगाचे गणित समजून घेतल्याशिवाय त्या सांडपाण्याचा पल्ला लक्षात येत नाही. गुरांच्या एक टन खारवलेल्या कातड्यातून शेवटी सुमारे २०० ते २५० किलो चामडे हाती लागते. बाकीचे केस, चरबी, मांसाचे तुकडे, छिलके आणि धूळ होऊन बाहेर पडते. कातडे टिकवण्यासाठी लावलेले मीठ पहिल्याच भिजवणीत पाण्यात उतरते आणि साध्या जैविक प्रक्रियेने ते पाण्यातून निघत नाही. पुढे क्रोमियमच्या क्षाराने कमावताना नेहमीच्या पद्धतीत त्यातले साधारण ६० ते ७० टक्केच कातड्यात शोषले जाते आणि उरलेले पाण्यात राहते, ते परत मिळवले नाही तर गाळात जाते. हे क्रोमियम-३ असते. ते फारसे घातक नाही. घातक असते ते क्रोमियम-६. त्याने त्वचेला ॲलर्जी होते आणि ते कर्करोगकारक मानले जाते. चामडे कमावताना क्रोमियम-६ कोणी वापरत नाही. ते नंतर, चामड्याच्या आत, आपोआप तयार होऊ शकते. आमच्या प्रकरणाची किल्ली इथे होती.

पुरावरचा उपाय

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या माणसांनीही या वेळी पाणी त्याच्या वर गेल्याचे सांगितले. कारखान्यात पाणी माणसाच्या डोक्याएवढे होते आणि ते उतरल्यावर भिंतीवर चिखलाची जी रेघ राहिली ती ताईंनी रंग काढताना मुद्दाम तशीच ठेवली. तळमजल्यावरचे सगळे चामडे गेले. ओले चामडे कदाचित वाचवता आले असते, पण गाळ, डिझेल आणि गटाराचे पाणी प्यायलेले चामडे वाळवून काही उपयोग नव्हता. विम्याचे पैसे येईपर्यंत उधारीवर दिवस काढले. त्यानंतर घेतलेला निर्णय कोणीही घेतला असता असाच होता: यापुढे कच्चा माल खाली ठेवायचा नाही. पत्र्याखाली सागाच्या फळ्यांचा माळा बांधला आणि चामड्याच्या गुंडाळ्या तिथे गेल्या.

चामड्यातले क्रोमियम-३ हे क्रोमियम-६ होण्यास उष्णता, ऊन, कोरडी हवा आणि लवकर खवटणारी तेले मदत करतात. कोकणात हवा कोरडी कुठे असते, असे आम्हालाही वाटले होते. एप्रिलमध्ये चिपळुणात बाहेर ३३ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर तीच हवा पत्र्याखाली ४८ अंशांपर्यंत तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतले पाणी तेवढेच राहते, पण गरम हवेची पाणी धरण्याची ताकद वाढलेली असल्यामुळे चामड्याच्या दृष्टीने ती हवा कोरडी होते. घामाने निथळणाऱ्या माणसाला हे पटत नाही. माळ्यावर दोनशे-तीनशे रुपयांचे तापमान आणि आर्द्रता दाखवणारे घड्याळ टांगल्यावर ते पटले. मार्च ते मे असे तीन महिने ते चामडे रोज दुपारी या भट्टीत होते.

आंबूरच्या कारखान्याने चामडे ताजे असताना तपासले होते. ग्राहकाच्या प्रयोगशाळेने ते तीन महिने तापलेल्या अवस्थेत तपासले. शिवाय त्या प्रयोगशाळेत नमुना आधी ८० अंशांवर २४ तास ठेवून मग तपासण्याची पद्धत होती, आणि त्यामागचा हेतूच चामडे पुढे कसे वागेल हे पाहण्याचा असतो. प्रमाणपत्र एका लॉटचे आणि एका दिवसाचे असते. आपण मात्र ते त्या चामड्याच्या जन्मभराचे समजून फायलीत लावतो. याची दुसरी बाजूही आहे. हवा दमट झाली की चामड्यातले क्रोमियम-६ पुन्हा काही प्रमाणात कमी होते असे आढळले आहे, त्यामुळे कोकणात ऑगस्टमध्ये काढलेला नमुना सुखद निकाल देईल आणि त्याच लॉटचा मे महिन्यातला नमुना नापास होईल. नमुना कधी काढला ही नोंद नसलेल्या अहवालाला आमच्या भागात फारसा अर्थ नाही.

तात्यांचे तेल

माळ्याचा दोष सापडल्यावर प्रकरण संपले असे वाटले होते. पण एकाच लॉटच्या पिशव्या आणि चपला शिल्लक होत्या, दोन्ही माळ्यावरच्याच चामड्याच्या, आणि तपासायला पाठवल्यावर पिशव्या उत्तीर्ण झाल्या. फरक शोधायला एक सबंध दिवस कारखान्यात बसून काम पाहावे लागले. तात्या आतला तळ रापीने कापतात, कडा घासतात, फरम्यावर बसवण्याआधी फडक्याचा एक बोळा डब्यात बुडवतात आणि उलट्या बाजूने हलकेच फिरवतात. डबा उघडल्यावर वास आला तो ओळखीचा होता; बंदरावर होड्यांना लावतात त्या तेलाचा. ते तारलीचे तेल होते.

“तेल पाजल्याशिवाय चामडं पायाला वळत नाही,” तात्या म्हणाले. “आमचे वडील हेच लावायचे, आजोबा हेच लावायचे. त्यांच्या वहाणा दहा-दहा वर्षं चालल्या.” त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांच्या वडिलांच्या हाताखालून गेलेले चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले होते, त्यात क्रोमियम नव्हतेच, आणि वनस्पतीतली टॅनिन द्रव्ये तर ऑक्सिडीकरणाला आळा घालतात. त्या चामड्यावर माशाचे तेल निर्धोक होते. माशाच्या तेलातले असंतृप्त स्निग्धांश हवेशी संयोग पावून पेरॉक्साइड तयार करतात आणि ती क्रोमियम-३ ला क्रोमियम-६ मध्ये ढकलतात, ही अडचण क्रोमचे चामडे आल्यावरच उद्भवली. पद्धत तीच राहिली आणि तिच्याखालचे द्रव्य बदलले, हे तात्यांना कोणी सांगितले नव्हते. याला कारागिराचे अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. चामडे विकणाऱ्याने ते कशाने कमावले आहे हे बिलावर लिहिले असते तर हा प्रश्न तात्यांनीच सर्वांत आधी विचारला असता.

पर्याय म्हणून ताईंनी खोबरेल सुचवले. घरातलेच तेल, आणि शास्त्र त्यांच्या बाजूने होते: तेल किती असंतृप्त आहे हे दाखवणारे आयोडीन मूल्य खोबरेलाचे १० च्या आसपास असते, तर तारलीच्या तेलाचे दीडशेच्या वर. खोबरेल खवटत नाही असे नाही, पण फार सावकाश. स्थानिक गिऱ्हाइकासाठी हा उपाय चांगला निघाला. निर्यातीसाठी मात्र तो बाद झाला, कारण खोबरेल २५ अंशांच्या खाली थिजते आणि जर्मनीच्या हिवाळ्यात त्याचा पांढरा थर चामड्यावर उमटतो. गिऱ्हाईक त्याला बुरशीच समजणार. शेवटी निर्यातीच्या जोडांना कारखान्यात कोणतेच तेल लावायचे नाही आणि चामडे तिकडूनच मऊ करून घ्यायचे असे ठरले. तात्यांनी ते मान्य केले, पण पहिल्या जोडावर हात फिरवून “हे मुकं आहे” एवढे म्हणाले.

बुरशीची पुडी, सोल्युशनचा डबा

याच तपासात आणखी दोन गोष्टी हाती लागल्या, ज्यांच्याविषयी ग्राहकाने काही विचारलेच नव्हते.

पावसाळ्यात बुरशी ही कोकणातल्या चामड्याच्या धंद्याची जुनी व्याधी. जुलैमध्ये पेटी आठवडाभर बंद ठेवली तर उघडताना आत करडी लव दिसते. त्यावर उपाय म्हणून व्यापाऱ्याने पेट्यांत टाकायला पांढऱ्या भुकटीच्या लहान पुड्या दिल्या होत्या, ज्यांवर द्रव्याचे नाव नव्हते. अशा पुड्यांत डायमिथिल फ्युमरेट असू शकते. या द्रव्याने युरोपात २००७-०८ च्या सुमारास चामड्याच्या सोफ्यांवर बसणाऱ्या अनेकांची त्वचा भाजल्यासारखी झाली, आणि २००९ पासून तिथे दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅमहून जास्त प्रमाणात ते असलेला माल विकता येत नाही. आमच्या पुड्यांत ते होते की नाही हे तपासत बसण्यापेक्षा सगळ्या पुड्या काढून घेतल्या आणि व्यापाऱ्याला परत दिल्या. त्या जागी सिलिका जेल, पेटीला हवेची भोके आणि जून ते सप्टेंबर चामड्याचा कमीत कमी साठा, असा साधा नियम केला. निनावी द्रव्य आत येऊ द्यायचे नाही, मग ते फुकट मिळो की विकत, ही शिस्त त्या दिवसापासून लागली.

दुसरी गोष्ट माझ्या मते या सबंध प्रकरणात सर्वांत गंभीर होती. प्रश्नावलीत ‘उपकंत्राटदार नाहीत’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात चपलेच्या पट्ट्यावरची वेणी गुंफण्याचे आणि कान चिकटवण्याचे काम वाडीतल्या नऊ बायका घरी बसून, नगावर करीत होत्या. ताईंनी खोटे लिहिले नव्हते. शेजारच्या काकी आणि वहिनी म्हणजे उपकंत्राटदार, असे त्यांच्या मनातच आले नव्हते. त्या घरांत सोल्युशनचा डबा चुलीपासून चार हातांवर उघडा असे आणि जवळच मुले अभ्यास करीत. चपलेच्या सोल्युशनमध्ये टोल्युइन किंवा हेक्झेनसारखी द्रावके असतात. बंद खोलीत ती सतत हुंगल्याने, विशेषतः हेक्झेनमुळे, हातापायांच्या नसांना इजा होते, आणि पेट घेण्याचा धोका वेगळाच. युरोपातल्या तळपायाला ॲलर्जी होऊ नये म्हणून प्रयोगशाळा, विमान आणि नियम धावून आले. या घरांतल्या हवेसाठी कोणी एक पत्रही लिहिले नाही. चिकटवण्याचे काम तत्काळ कारखान्यात आणले, तिथे खिडकीला बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला आणि घरी फक्त गुंफण ठेवली. नगाचा दर तोच ठेवून काम कमी झाल्याने बायकांची कमाई घटणार होती, म्हणून गुंफणीचा दर वाढवावा लागला. तो वाढीव खर्च कोणत्या चौकटीत मांडायचा याला ग्राहकाच्या तक्त्यात जागा नव्हती.

जाता जाता नावाचाही एक धोका निघाला. ग्राहकाच्या यादीत या चपलांना ‘कोल्हापुरी’ म्हटले होते. कोल्हापुरी चपलेला मिळालेला भौगोलिक निर्देशांक महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांपुरता आहे. रत्नागिरी त्यात नाही. ते नाव यादीतून काढायला सांगितले.

पर्यायांची तपासणी

यापुढे चामडे कुठून आणि कसे घ्यायचे, यावर बरीच चर्चा झाली. लेदर वर्किंग ग्रुप ही २००५ साली सुरू झालेली संस्था चर्मोद्योगांची पर्यावरणीय तपासणी करून दर्जा देते; तिचा वरचा दर्जा असलेल्या कारखान्याकडूनच घ्यावे, असे ग्राहक म्हणत होता. पण असा कारखाना निदान एका पूर्ण ड्रमचा, म्हणजे कातडी कमावण्याच्या फिरत्या पिंपात एका वेळी मावेल एवढा, लॉट मागतो आणि आमच्या कारखान्याला तेवढे चामडे आठ महिने पुरले असते. म्हणजे ते पुन्हा माळ्यावर चढले असते आणि पुन्हा उन्हाळा पाहिला असता.

कातडी इथलीच आहेत, तर इथेच का कमावू नयेत, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. चर्मोद्योग प्रदूषणाच्या दृष्टीने लाल श्रेणीत येतो आणि त्याचे सांडपाणी, कितीही प्रक्रिया केली तरी, मीठ घेऊन वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत उतरणार. त्या खाडीतल्या मच्छीमारांनी लोट्याच्या रासायनिक वसाहतीच्या पाण्याविषयी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. त्यांच्यापुढे आणखी एक नळ नेऊन ठेवण्याची सूचना मांडण्याचेही धाडस कोणाला झाले नाही. पूर्वी कोकणात सुती जाळी झाडांच्या सालींच्या रसात बुडवून टिकाऊ करीत, तेव्हा कांदळाची साल वापरता येईल असेही एकाने सुचवले. कांदळवने तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्येच बंदी घातली आहे. तो विषय तिथेच थांबला.

घाटावरचे सालीने कमावलेले चामडे हा जास्त विचार करण्याजोगा पर्याय होता. त्यात क्रोमियमचा प्रश्नच मिटतो. पण ते चामडे पावसाळ्यात लवकर बुरशी धरते, प्रत्येक खेपेला छटा बदलते आणि ओले झाल्यावर डाग पडतात. शिवाय साल आणि हिरडा कुठून येतो, तो गोळा करणाऱ्यांना काय मिळते, हे प्रश्न नव्याने उभे राहतात. हिरडा हे गौण वनोपज आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यावर वनवासी समाजांचे हक्क मान्य केले आहेत. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने जाड तळासाठी म्हशीच्या कातड्यावरच भिस्त आहे आणि कातड्याची वाहतूक करणारा ड्रायव्हर कागद बरोबर असूनही रात्री गाडी काढायला बिचकतो. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना झालेली मारहाण या धंद्यातला माणूस विसरलेला नाही. ‘सामाजिक जोखीम’ हा शब्द प्रश्नावलीत होता. त्याखाली ही भीती लिहावी असे कोणालाही सुचले नाही, मलाही उशिराच सुचले.

शेवटी जो मार्ग निघाला तो कोणत्याच टोकाचा नव्हता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या आणखी चार लहान कारखान्यांशी बोलून पाच जणांनी मिळून एक ड्रमचा लॉट मागवायचा ठरवला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दोन महिने पुरेल एवढेच चामडे येते. मागणीपत्रात तीन अटी घातल्या: क्रोमने कमावल्यावर वनस्पतिजन्य टॅनिन देऊन चामडे पुन्हा कमावावे, मऊ करताना माशाचे तेल वापरू नये, आणि चाचणी नमुना तापवून मगच करावी. आंबूरच्या कारखान्याला यात नवल वाटले नाही. या उपायांची माहिती त्या उद्योगात जुनी आहे. १९४८ पासून चेन्नईत असलेल्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेच्या छायेत वाढलेला तो पट्टा आहे. आजवर एवढ्या लहान गिऱ्हाइकाने विचारले नव्हते, इतकेच. दर मात्र चौरस फुटामागे वाढला. ताईंनी ती वाढ आणि चाचणीचा खर्च ग्राहकाला कळवला तेव्हा उत्तर आले की नियम पाळणे ही पुरवठादाराची जबाबदारी आहे. बरीच पत्रापत्री होऊन चाचणीचा निम्मा खर्च त्यांनी उचलला. चामड्याची दरवाढ कारखान्याच्या अंगावरच राहिली आणि पुढची मागणी सहाशेवरून साडेतीनशे जोडांवर आली.

प्रश्नावली दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. या वेळी ताईंनी घरी काम करणाऱ्या बायकांची संख्या लिहिली, कातड्याच्या मूळ स्रोतासमोर ‘धारावीतल्या व्यापाऱ्याच्या पलीकडे अंशतः माहीत’ असे लिहिले आणि सोबत माळ्यावरच्या तापमानाची तीन महिन्यांची वही जोडली. ग्राहकाच्या संगणकाने ‘अंशतः’ हे उत्तर स्वीकारले नाही. त्याला होय किंवा नाही एवढेच हवे होते. ताईंनी ‘नाही’ दाबले. त्यामुळे कारखान्याचा जोखीम-गुणांक आधीच्या वर्षापेक्षा वाईट दिसतो.

साठवणीचा प्रश्न मात्र आमच्याच हातातला होता, त्यामुळे तो सर्वांत आधी सुटला, जमेल तेवढा. पत्र्यावर नारळाच्या झावळ्यांचे झाप अंथरले, तेव्हा दुपारचा पारा काही अंशांनी उतरला, पण तेवढ्याने माळा चामड्याच्या कामाचा झाला नाही. म्हणून माळा रिकामा करून तिथे फरमे आणि खोकी ठेवली. घड्याळ भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर टांगून आठवडाभर नोंदी घेतल्या आणि जिथून वर हवा जास्त तापते तिथे तात्यांनी खडूने एक आडवी रेघ ओढली. खाली २०२१ च्या पुराची रेघ होतीच. दोन्हींच्या मधली भिंत साडेतीन फूट भरली. चामड्याची मांडणी आता तेवढ्याच पट्टीत बसवली आहे, तीत पाच आठवड्यांचा माल मावतो, आणि मोठी मागणी आली की ताई आधी त्या भिंतीकडे पाहून मगच तारीख कळवतात.